एटापल्लीत बकरी शिरली

चिंचबोडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या प्रफुल गुरुजींना चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातले सगळे शिक्षक 'कोकणवाले' म्हणायला लागले, त्यात गुरुजींचा काडीचाही दोष नव्हता. गुरुजी मूळचे वरोऱ्याचे. कापूस आणि सोयाबीन यांच्या पलीकडचं जग त्यांनी नोकरी लागल्यावर पाहिलं, आणि कोकण तर फक्त कॅलेंडरवर. काटा घशात अडकेल या भीतीने ते मासेसुद्धा खात नसत. पण एखाद्याला नाव ठेवायचं ठरलं की लोक पुरावा मागत बसत नाहीत.

झालं होतं असं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली आणि विस्तार अधिकारी सत्यशीला मॅडम तपासणीला आल्या. सोबत शेजारच्या गावचे प्रवीण गुरुजी होते. मॅडमना रस्ता दाखवायला कोणीतरी हवं होतं आणि प्रवीण गुरुजींना आपली शाळा सोडून कुठेतरी जायला निमित्त हवं होतं, तेव्हा दोघांचंही भागलं. मॅडमनी चौथीतल्या पुनमला भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशापाशी बोलावलं आणि म्हणाल्या, "आपला जिल्हा दाखव बघू."

पुनम शाळेतली सगळ्यात चुणचुणीत पोरगी. गुरुजी निर्धास्त होते. पोरीने नकाशा वरपासून खालपर्यंत न्याहाळला, पाय उंचावले आणि रत्नागिरीच्या थोडं पुढे, भर अरबी समुद्रात बोट टेकवलं.

"इथे? इथे का गं?" मॅडमनी विचारलं.

"इथी निळं आहे न जी, मॅडम. आपल्या गावाले तलाव आहे."

या उत्तरात तर्क होता हे गुरुजींना नंतर घरी गेल्यावर पटलं, पण त्या क्षणी त्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मॅडम हसल्या नाहीत. "मुलांना नकाशा कळत नाही. पुढच्या भेटीत याच मुलीला हाच प्रश्न विचारीन," एवढंच बोलल्या आणि शेऱ्यातही तसंच लिहून गेल्या. हसले ते प्रवीण गुरुजी. गाडीत बसेपर्यंत हसले, आणि मूलला पोचेपर्यंत वाटेतल्या प्रत्येक शाळेत थांबून सांगत गेले असावेत. कारण पुढच्या शिक्षण परिषदेत प्रफुल गुरुजी दारातून आत येतात न येतात तोच मागून आवाज आला, "या कोकणवाले! यंदा आंबा कसा आहे?"

माणूस एकदा सहन करतो, दोनदा करतो. पण मूलच्या बाजारात भाजी घेताना कोणी 'सुकट आणली काय जी' म्हणून विचारलं, आणि हळदीकुंकवाला गेलेल्या साधनाताईंना बायकांनी सोलकढीची रीत विचारली, तेव्हा पाणी डोक्यावरून गेलं. साधनाताई म्हणजे गुरुजींची बायको. त्या घरी येऊन पदर झटकत म्हणाल्या, "अहो, काहीतरी करा. नाहीतर मी सांगून टाकीन की आम्ही खरंच कोकणातले आहोत. निदान मान तरी मिळेल."

गुरुजींनी मोबाइल उघडला. मोबाइलवर जगातले सगळे गुरुजी हुशार होते. कोणी कागदाच्या लगद्याचे डोंगर करत होतं, कोणी मिठाच्या पिठाचा ज्वालामुखी, आणि मुलं हात बरबटवून भूगोल शिकत होती. 'मुलांच्या हाताला जे कळतं ते डोक्याला लवकर कळतं' असं एक बाई सांगत होत्या. गुरुजींना ते पटलं. त्याच संध्याकाळी त्यांनी साधनाताईंच्या डब्यातली कणीक घेऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर सह्याद्री उभारला. सकाळी पाहतात तर उंदरांनी नाशिकपासून साताऱ्यापर्यंत सगळे घाट मोकळे केले होते. साधनाताईंनी उरलेल्या कोल्हापूरच्या पोळ्या लाटल्या आणि यापुढे भूगोल शाळेतच शिकवायचा असा घरातला कायदा केला.

मग गुरुजींनी मोठा विचार केला. मोठा विचार हा गुरुजींचा जुना आजार होता. सगळा महाराष्ट्र नको, आपलेच चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे घ्यायचे. शाळेच्या पटांगणात मातीचा उंचसखल नकाशा करायचा, इतका मोठा की पोरांना त्यात चालता यावं. उत्तरेला उत्तर, दक्षिणेला दक्षिण. वैनगंगेत खरं पाणी सोडायचं. मॅडम आल्या की पुनमने चालत जाऊन आपल्या तालुक्यात उभं राहायचं. गुरुजींनी उपक्रमाला 'माती, मुले आणि मायभूमी' असं नाव दिलं आणि काम सुरू व्हायच्या आधीच त्याचा फ्लेक्स छापून घेतला.

आता माती. गावाच्या तलावात गाळ मुबलक होता. पण सरकारी नोकराने विचारल्याशिवाय हात लावू नये, म्हणून गुरुजी ग्रामपंचायतीत गेले. तिथे कळलं, तलाव पंचायतीचा नाही, पाटबंधाऱ्याचा. पाटबंधाऱ्यात कळलं, पाणी आमचं, माती महसुलाची. महसुलाच्या माणसाने चष्मा पुसून विचारलं, "माती कशासाठी? शेतीसाठी, विटांसाठी की घरबांधणीसाठी?" गुरुजी म्हणाले, "जिल्हा करायचा आहे." त्या माणसाने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "जिल्हा करण्याचे अधिकार आमच्याकडे नाहीत, गुरुजी. त्याले मंत्रालयात जावं लागते."

गुरुजी खिन्न होऊन तलावाच्या बांधावरून परत येत होते, तेव्हा वारलूभाऊ भेटले. वारलूभाऊ म्हणजे गावच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष आणि पुनमचे आजोबा. त्यांनी सगळी हकीगत ऐकून घेतली आणि हातातलं जाळं खांद्यावर टाकलं.

"एवढ्याशा मातीसाठी इतके हापिस हिंडले तुमी? आमाले सांगाचं न. गाळ निघाला त तलाव खोल होते, मासे खुशीत राह्यते. उद्या बंडी आणतो."

दुसऱ्या दिवशी गाळाने भरलेली बैलबंडी शाळेच्या फाटकातून आत आली. सोबत अर्धं गाव आलं. चिंचबोडीत धान कापून झाला होता, मळणी उरकत आली होती आणि लोकांना हात रिकामे ठेवायची सवय नव्हती. सल्ले द्यायला तर हात लागतही नाहीत.

पहिला सल्ला गोकुळाबाईंचा. गोकुळाबाई शाळेत खिचडी शिजवत. चूल, मुलं आणि गुरुजी या तिन्हींवर त्यांची सारखीच सत्ता होती. त्यांनी गाळ चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाल्या, "नुसत्या गाळाले भेगा पडतीन, गुरुजी. भिंतीच्या मातीत कालवतो तसा याच्यात धानाचा भुसा कालवा. मंग पाहा, दगडावानी होते का नाई."

गुरुजी वरोऱ्याचे. धानाचा भुसा म्हणजे काय हे त्यांना ऐकून माहीत. पण सल्ल्यात शास्त्र आहे हे त्यांना जाणवलं. मूलच्या एका गिरणीवर ते स्वतः गेले. हंगामाचे दिवस, गिरणी दिवसभर धडधडत होती, मागे भुशाचे डोंगर लागले होते. गिरणीवाल्याने पोती भरून दिली आणि शाळेसाठी म्हणून पैसे घेतले नाहीत. या उदारपणाने गुरुजींना भरून आलं. तो भुसा कोणत्या चाळणीतून आला आणि त्या चाळणीला केवढं भोक पडलं होतं, हे विचारायचं मात्र त्यांना सुचलं नाही.

पोरांनी पायांनी चिखल तुडवला. असा भूगोलाचा तास चिंचबोडीत पूर्वी कधी झाला नव्हता. पश्चिमेला वरोरा, मध्ये मूल, वैनगंगेपलीकडे गडचिरोली, पूर्वेच्या टोकाला एटापल्ली आणि भामरागड, आणि अगदी खाली, शाळेच्या फाटकाजवळ, सिरोंचा. तालुक्यातालुक्यांमध्ये पाऊल मावेल एवढ्या चऱ्या पाडल्या. जंगलाच्या जागी पोरांनी पळसाच्या काड्या रोवल्या. ताडोब्यात प्रत्येकाला आपला वाघ बसवायचा होता, त्यामुळे तिथे वाघांचीच इतकी गर्दी झाली की हरणांना बसायला जागा उरली नाही. गुरुजींनी थोडे वाघ गडचिरोलीकडे पाठवायचा प्रयत्न केला, पण वाघवाल्यांनी रडून गोंधळ घातला. शेवटी वाघ होते तिथेच राहिले.

खरं संकट आलं ते तलावामुळे. वारलूभाऊ पाहणीला आले, नकाशाभोवती फिरले आणि मूलपाशी थांबले.

"गुरुजी, आपला तलाव कुठी आहे?"

गुरुजींनी प्रमाण समजावून सांगितलं. एवढ्या मोठ्या दोन जिल्ह्यांत आपला तलाव फार फार तर मसुरीच्या डाळीएवढा यायचा. त्यांनी खरोखरच एक डाळ काढून चिखलात टोचून दाखवली. वारलूभाऊंचा चेहरा पडला.

"एवढा? याच्यात माया अंगठा तरी बुडन काय जी? साऱ्या गावाले पोसते तो तलाव. आणि तुमी त्याची डाळ केली?"

"भाऊ, नकाशाला नियम असतो."

"असन. तुमचा नियम तुमच्यापाशी ठेवा. मायी बंडी मायापाशी ठेवतो."

अजून सगळी दक्षिण व्हायची होती. राजुऱ्यापासून जिवतीपर्यंत नुसती रांगोळीची रेघ मारलेली होती आणि गाळ फक्त वारलूभाऊंच्या बंडीतून येत होता. गुरुजींनी दोन दिवस तत्त्व सांभाळलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी गोकुळाबाईंची कणीक मळायची परात मागितली, मूलमध्ये बुडाने दाबली आणि तेवढा तलाव केला. मूल तालुका त्यामुळे जवळजवळ पाण्याखाली गेला. सिंदेवाहीला थोडं वर सरकावं लागलं. वारलूभाऊंनी समाधानाने त्यात पाणी ओतलं, ओंजळीतून चार बारीक मासोळ्या सोडल्या आणि बंडी पुन्हा सुरू केली.

ही बातमी फुटली आणि गुरुजींचं प्रमाण कायमचं सुटलं. गोकुळाबाईंचं माहेर एटापल्लीकडचं. "वारलूभाऊचा तलाव परातीएवढा, अन माया माहेराले बोटभर जागा?" असं म्हणून त्या खिचडीची चूल पेटवायलाच तयार होईनात. एटापल्ली वाढवून द्यावी लागली. ती वाढवल्यावर शेजारची अहेरी दबली, म्हणून अहेरीही वाढली. एक म्हातारे आजोबा रोज काठी टेकत येत आणि म्हणत, "माया लगनाच्या वक्ती दोन्ही एकच जिल्हा होता जी. मधातली रेघ पुसून टाका, भांडण मिटन." गुरुजींना हा सल्ला अधूनमधून फार मोहात पाडत असे.

अखेर नकाशा झाला. भेगा पडू नयेत म्हणून गुरुजी सकाळ-संध्याकाळ नळीने त्यावर पाणी शिंपडत. इथे वाचकांनी जरा थांबून विचार करावा, कारण गुरुजींनी केला नाही. भिंतीच्या मातीत भुसा घालतात हे खरं, पण भिंतीला रोज सकाळ-संध्याकाळ कोणी पाणी घालत नाही.

एका सोमवारी गुरुजी शाळेत आले तर पोरं नकाशाभोवती वाकून उभी होती. ब्रह्मपुरीत हिरवं काहीतरी आलं होतं. नागभीडलाही आलं होतं. गुरुजींना वाटलं शेवाळ असेल. गोकुळाबाईंनी वाकून पाहिलं आणि दोन्ही हात गालांवर ठेवले.

"बाप्पा! गुरुजी, धान उगवला न जी!"

भुशातून आलेला एकूण एक दाणा रुजला होता. पुढच्या चार-पाच दिवसांत दोन्ही जिल्हे हिरवेगार झाले. डोंगर कुठला आणि दरी कुठली ते कळेना. ताडोब्यातले वाघ धानात बुडाले, फक्त कान वर राहिले. वैनगंगेच्या दोन्ही काठांवरून धान नदीत वाकला. गुरुजी मूळचे वरोऱ्याचे असल्यामुळे त्यांना सगळ्यात जास्त लागला तो वरोऱ्यात उगवलेला धान. आपल्या कापसाच्या गावात धान! कोणी बघत नाही असं पाहून त्यांनी वरोऱ्यातलं एक रोप चिमटीत धरलं.

"हात नोका लावू!" गोकुळाबाई स्वयंपाकाच्या खोलीतून ओरडल्या. "उगवलेला धान उपटते काय कोणी? लक्ष्मी होय ते."

"गोकुळाबाई, हा नकाशा आहे. शेत नाही."

"धानाले ते समजते काय? आता बांधीत रोवाले जाईन तवाच तो निघन. तवपर्यंत कोणी हात नाई लावाचा."

गावाने गोकुळाबाईंची बाजू घेतली. हातात चपला घेऊन बायका येत आणि पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, कसे आलेत ते कौतुकाने पाहत. काहींनी तर उन्हाळी धानासाठी रोपांची एखादी पेंडी मागून ठेवली. मॅडमची भेट फेब्रुवारीत ठरल्याचा निरोप आला, त्या दिवशी गुरुजी घरी जेवले नाहीत. साधनाताईंनी विचारलं तर म्हणाले, "आता मला कोकणवाले नाही म्हणणार. आता शेतमजूर म्हणतील."

पण अजून एक गोष्ट गुरुजींना माहीत नव्हती, कारण ती वरोऱ्याकडे अशी होत नाही. धान घरात आला की चिंचबोडीत जनावरांना बंधन नसतं. गुराख्याचे दिवस संपतात, बकऱ्या, गाई, म्हशी मोकळ्या सुटतात आणि रिकाम्या बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या शेतांमधून, वाटेल तिथे फिरतात. साऱ्या शिवारात सुकलेली धसकटं, आणि मधोमध एका पटांगणात कोवळा लुसलुशीत धान. हे बकऱ्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

पहिली बकरी फाटकातून, म्हणजे तेलंगणातून आली. सिरोंचा तिने दोन घासांत संपवला आणि थेट एटापल्लीत शिरली. गुरुजी हातात खडू घेऊन धावले. मागे पोरं धावली. बकरी वैनगंगा ओलांडून पळाली तेव्हा तिच्या तोंडात निम्मा मुलचेरा होता.

त्या दुपारी गुरुजी ओट्यावर डोकं धरून बसले असताना पुनमच पुढे आली. "गुरुजी, राखण लावावं लागते जी," ती म्हणाली. आणि ती गोष्ट पोरांना शिकवावी लागली नाही. धानाच्या घरातली पोरं, पाखरं हाकलायला ती चालायला लागल्यापासून बांधावर बसतात. त्यांनी आपसांत वाटणी केली. प्रत्येकाला एकेक तालुका. मधल्या सुट्टीत, शाळा भरायच्या आधी, सुटल्यावर, ज्याने त्याने काठी घेऊन आपल्या तालुक्याच्या कडेला बसायचं. पुनमकडे एटापल्ली आली, कारण ती सगळ्यात जास्त खाल्ली गेली होती आणि पुनमला बकऱ्या घाबरत.

मग पटांगणात जे सुरू झालं ते कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हतं. "अहेरीवाल्या, झोपला काय? तुयाकडून घुसली न!" "चामोर्शीतून धानोऱ्यात चालली, अडव!" "भामरागडाकडं नोको हाकलू, तिकडं माया बहिणीचा तालुका आहे!" पोंभुर्णा आणि गोंडपिंपरी यांच्यात सीमेवरून मारामारी झाली आणि गुरुजींना दोघांचे कान धरावे लागले. प्रमाण गेलं, डोंगर गेले, उपक्रमाचा फ्लेक्ससुद्धा एका बकरीने 'मायभूमी'पर्यंत चावला. गुरुजींनी सगळी आशा सोडली आणि 'नकाशा नैसर्गिक आपत्तीमुळे नष्ट झाला' असा खुलासा मनातल्या मनात पाठ करून ठेवला.

सत्यशीला मॅडम आल्या. सोबत प्रवीण गुरुजी होतेच. मॅडमनी पटांगणातला धान पाहिला, त्यात बसलेली काठीवाली पोरं पाहिली, आणि थेट वर्गाची वाट धरली. हे सगळ्यात वाईट, असं गुरुजींना वाटलं. प्रवीण गुरुजी मात्र कानाशी येऊन म्हणाले, "कोकणात भातशेती पण करता काय जी?"

मॅडम वर्गात गेल्या. पटांगणातल्या मातीशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी तोच भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा दाखवला आणि पुनमला बोलावलं.

"आपला जिल्हा दाखव."

गुरुजींना तो पाठ केलेला खुलासा आठवला. ही पोरगी महिनाभर जमिनीवर बसून होती, भिंतीकडे तिने ढुंकून पाहिलं नव्हतं. आणि नकाशात तलाव परातीएवढा! ती आता पुन्हा मोठं निळं शोधणार, पुन्हा समुद्रात जाणार. पुनम पुढे गेली, नकाशासमोर उभी राहिली आणि तिचे डोळे खरोखरच डावीकडच्या निळ्याकडे वळले. प्रवीण गुरुजींनी खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला.

"मॅडम, हा खाली काढू काय?" पुनमने विचारलं.

"खाली कशाला?"

"उभा समजत नाई जी. सारा मुलूख वाळाले टाकल्यासारखा लटकून राह्यला."

मॅडमनी मान हलवली. पुनमने नकाशा खिळ्यावरून काढला, जमिनीवर पसरला, त्याच्याभोवती एक फेरी मारली, दारातून शाळेचं फाटक कुठे आहे ते पाहिलं आणि नकाशा ओढून अर्धा वळवला. आता नकाशाची दक्षिण बरोबर फाटकाकडे झाली. मग ती गुडघ्यांवर बसली आणि उजव्या कडेला, अगदी टोकाला बोट ठेवलं.

"हा गडचिरोली. एटापल्ली इथी असन. अन त्याच्या अलीकडं नदी, नदीच्या अलीकडं आपला चंद्रपूर. आपलं मूल इथीच कुठीतरी असन. आपला तलाव याच्यात दिसणार नाई, मॅडम. लय लहान आहे. आमी मोठा करून ठेवला, पण तो आजोबासाठी."

मॅडम खाली वाकल्या. "एटापल्लीच्या शेजारी कोणकोण?"

"खाली अहेरी. पल्याड भामरागड. वर धानोरा. या अंगाले चामोर्शी अन मुलचेरा." पुनमने एका दमात सांगितलं. "अहेरीवर लक्ष ठेवावं लागते जी. बकऱ्या सिरोंच्यातून येते अन तिथूनच घुसते. आणि हे निळं समुद्र होय. इकडून काहीच येत नाई."

प्रवीण गुरुजींचा रुमाल हळूहळू खिशात परत गेला. गुरुजींना वाटत होतं आपण आत्ता उठून 'माती, मुले आणि मायभूमी' या उपक्रमाविषयी दोन शब्द बोलावेत. ते त्यांनी पाठही केले होते, त्यात 'कृतियुक्त अध्ययन' हा शब्द चार वेळा येत होता. ते घसा खाकरून उभे राहिले. तेवढ्यात मॅडमनी पुनमला विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं गं?"

पुनमने विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"कोणी नाई जी, मॅडम," ती म्हणाली. "बकऱ्याईनं."

गुरुजी खाली बसले. आधी त्यांना राग आला. इतकी पळापळ, इतके हापिस, वारलूभाऊंची बंडी, गोकुळाबाईंची परात, आणि श्रेय बकऱ्यांना! मग त्यांनी पुनमकडे पाहिलं. पोरगी अजून नकाशावर गुडघे टेकून बसली होती आणि एटापल्लीच्या कडेवरून बोट पुन्हा पुन्हा फिरवत होती, तिथून कोणी आत येऊ नये म्हणून. गुरुजींचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांना हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्यांनी फळा पुसायला घेतला. फळा कोराच होता.

सत्यशीला मॅडम जाताना पटांगणात थांबल्या. चपला काढून चऱ्यांमधून चालत त्यांनी सगळे तालुके पाहिले. सावली तालुक्यापाशी आल्यावर म्हणाल्या, "माझं माहेर इथलं," आणि एक रोप हळूच सरळ केलं. शेऱ्यात त्यांनी काय लिहिलं हे गुरुजींनी साधनाताईंना इतक्या वेळा वाचून दाखवलं की शेवटी साधनाताईंनीच ते पाठ म्हणून दाखवायला सुरुवात केली.

पण खरा निकाल लागला तो पुढच्या शिक्षण परिषदेत. मॅडमनी चिंचबोडीचं कौतुक करून जाहीर केलं की केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या, प्रत्येक शाळेने असाच नकाशा करायचा, त्यात धान उगवू द्यायचा आणि मुलांकडून त्याची तालुकावार राखण करून घ्यायची. पुढच्या परिषदेत फोटो पाहिजेत. बसल्या जागी सगळ्या शिक्षकांनी मान वळवून प्रफुल गुरुजींकडे पाहिलं. त्या नजरांत प्रेम नव्हतं. गुरुजींना मात्र ते बघणं फार आवडलं.

चहाच्या सुट्टीत प्रवीण गुरुजी कप घेऊन शेजारी येऊन उभे राहिले. ते आधी थोडा वेळ हवेबद्दल बोलले. मग गाळ कुठून मिळतो, भुसा कोणत्या गिरणीचा, चाळणी फाटकीच लागते काय, असं एकेक विचारून झालं. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"प्रफुलभाऊ, एक अडचण आहे जी. आमच्या गावात बकऱ्याच नाईत. साऱ्याइच्या घरी म्हशी. म्हशीनं होते काय जी भूगोल?"

गुरुजींनी चहाचा घोट घेतला. घाई करण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं.

"होते की," ते म्हणाले. "फक्त तालुके जरा मोठे काढा."